एक कमी सहस्रनाम

सांगली, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, शके १८६५

पत्राला मायना नाही म्हणून रागावू नका. 'प्राणनाथ' लिहायला आज हात धजत नाही आणि नुसतं नाव लिहायची आपल्यात सोय नाही. दिवाळीच्या तोंडावर तुम्ही भांडून गेलात, त्यानंतर चिठ्ठी नाही की निरोप नाही. मीही हट्टाला पेटून ठरवलं होतं, आपण होऊन लिहायचं नाही. पण काल जे झालं ते तुमच्या कानावर घालणं भाग आहे. रंगुबाई शिकेकाई विकत गावोगाव फिरते, तुम्ही कुठे लपला आहात ते तिला माहीत आहे. मला तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. तिच्या पाटीतून हे पत्र येईल. वाचून चुलीत घाला.

काल दुपारी मी शाळेत मुलींकडून उजळणी घेत होते, तेवढ्यात दारात शिपाई उभा. "मास्तरीणबाई, चौकीवर चला. तुमचं मालक घावलं." हातातला खडू कुठे ठेवला ते आठवत नाही. पेठेतून जाताना गुळाच्या ढेपा उतरवणारे हमाल हातचं काम टाकून माझ्याकडे बघत होते.

चौकीच्या अंगणात साताऱ्याहून आलेला फौजदार खुर्ची टाकून बसला होता, आणि भिंतीशी एक माणूस उकिडवा. उंची तुमची, वय तुमचं, दाढी वाढलेली. पण तुम्ही नव्हता. मला एकदम हसूच फुटायच्या बेतात होतं. पदर तोंडाला लावला. फौजदाराला वाटलं, रडते आहे.

हा माणूस विट्याचा. मद्रासकडे कुठल्याशा गावात त्याचं सोनं गाळायचं दुकान आहे. बऱ्याच वर्षांनी घरी निघाला होता. गाडीतळावर शिपायांनी नाव विचारलं, त्यानं सरळ सांगितलं, आणि ते नेमकं तुमचंच निघालं. विष्णूचं नाव, कुणीही ठेवावं. त्यात तेजाबानं त्याच्या बोटांची टोकं जळून पिवळी पडलेली. फौजदाराच्या मते ती बाँब करणाऱ्याची बोटं. तुमचा फोटो त्यांच्यापाशी नाही, आणि आपल्या गावचं कुणी ओळख पटवायला पुढे येत नाही. दादासो पाटील सरकारला फितूर आहेत म्हणून तुमच्या भूमिगत माणसांनी त्यांना चावडीपुढे पाडून तळपायांवर काठ्या घातल्या, आणि ते त्यातून उठले नाहीत. तेव्हापासून सगळ्या गावाची वाचा बसली आहे. म्हणून मग बायकोला बोलावणं आलं.

मी म्हटलं, "हे माझे मालक नाहीत."

फौजदार म्हणाला, "बाई, न्हाई म्हणायला काय लागतंय? समद्याच न्हाई म्हणत्यात. आमची आई म्हातारी झाली तरी वडलांचं नाव तोंडातनं काढत न्हाई. तुमी असं करा, ह्याच्याकडं बघून नाव घ्या. 'हा अमुक न्हवं' म्हणा. परका आसंल तर जीभ अडायचं कारण न्हाई. आन् अडली, तर मला काय समजायचं ते समजलं."

केवढी अक्कल चालवली, असा त्याचा चेहरा. अहो, समोर कुणी का असेना, नाव तर तुमचंच ना! ते मी कसं घेऊ? गळ्यापर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. तो माणूस काकुळतीला येऊन म्हणाला, "वैनी, सांगा की वो! मला कवा तरी बघितलंय का तुमी?" मी मान खाली घातली. फौजदारानं मांडीवर थाप मारली. "झालं. पटली ओळख."

असं झालं आहे. आता काय करायचं ते तुम्ही ठरवा. मामंजींची प्रकृती ठीक आहे, तुमची आठवण काढतात, पण मोठ्यानं नाही.

राही


सांगली, मार्गशीर्ष शुद्ध दशमी

रंगुबाई रिकाम्या हातानं परत आली. "वाचलं, घडी घालून खिशात ठिवलं, आन् काय बोललं न्हाईत," म्हणाली. चुलीत घाला म्हटलं होतं, तेही ऐकलं नाहीत. बरं, ते जाऊ द्या.

आज शाळा सुटून घरी आले तर ओट्यावर एक बाई बसलेली. पायांवर धुळीचे थर, कडेला भाकरीचं गाठोडं, ते सोडलेलंही नाही. मामंजींनी पाणी दिलं होतं, तो तांब्याही तसाच भरलेला. ही शालूबाई, त्या विट्याच्या माणसाची बायको. नवरा येणार म्हणून दार सारवून बसली होती, आणि बातमी आली ती ही.

आधी ती चौकीवरच गेली होती. फौजदाराला म्हणाली, ह्यो माझा मालक हाय, सोडा त्याला. फौजदारानं तिचीही तीच परीक्षा घेतली. नाव घे म्हणाला. ती कसली घेते! ती गप्प झाल्यावर फौजदार शिपायांना म्हणाला, "घ्या! गड्यानं दोन दोन बायका केल्यात." सगळे खो खो हसले आणि तिला हाकलून दिलं. फौजदाराला आपली ही युक्ती फार आवडली आहे. पेठेत ज्याला त्याला सांगत सुटला आहे, नाव घेईल ती बायको न्हवं, आन् घेणार न्हाई ती बायको.

मी तिला भाकरी खायचा आग्रह केला. ती म्हणाली, "भाकरी कशी उतरंल वैनी? आत्ता त्येंला आत मारत्यात. साथीदारांची नावं सांग म्हणत्यात. आवं, त्येंला कुठली ठावं आसणार? मार सोसंना म्हणून त्येंनी मद्राशी पेठंतल्या दुकानदारांची नावं सांगितली. ती बी लिवून घेतली भाड्यांनी." हसावं की रडावं ते कळेना. शेवटी तिनं माझे दोन्ही हात धरले. "तुमी येकदा नाव घ्या. माझ्या कुंकवासाठी घ्या. तुमच्या तोंडात नाव अडलंय आन् जीव माझ्या मालकाचा चाललाय."

मी तिला म्हटलं, "शालूबाई, तुला जमलं का? मग मला कसं जमेल?" बोलून गेले आणि माझी मलाच लाज वाटली. तिनं हात सोडले. ओट्यावरच पडून आहे, आत यायला तयार नाही.

तुम्ही हजर व्हा असं मी म्हणत नाही. तेवढं मोठं मन मी कुणापाशी मागणार नाही. पण एक ओळ लिहा. 'मी मोकळा आहे, तुम्ही धरलाय तो दुसरा आहे', एवढंच, फौजदाराच्या नावानं, आणि लांबच्या एखाद्या टपालपेटीत टाका. तुम्ही मास्तर होतात तेव्हाचं तुमचं अक्षर शाळेच्या दप्तरात आहे, ते ताडून बघतील. तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही आणि तो माणूस सुटेल. नुसती एक ओळ.

आणखी एक सांगायचं राहिलं. तिन्हीसांजेला मामंजी आणि मी सहस्रनाम म्हणतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून तुमच्या नावाशी आलं की मी नुसती टाळी वाजवते आणि पुढच्या नावाला लागते. तुम्ही चिडवायचात, राहीचं सहस्रनाम कायमचं एक कमी! काल मी टाळी वाजवली आणि मामंजी म्हणायचे थांबले. म्हणाले, "पोरी, नाव द्येवाचं हाय. लेकाला मी ते उसनं दिलंय. तू घेतलंस तर त्यात कसलं पाप?" मी म्हटलं, आता सवय झाली. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मी उठून दिव्यात तेल घातलं, खरं तर ते भरपूर होतं.

उत्तर पाठवाच.

राही


सांगली, मार्गशीर्ष शुद्ध त्रयोदशी

तुमचा निरोप पोचला. रंगुबाईनं पाटी खाली ठेवायच्या आधीच सांगून टाकला, बहुतेक तिलाही तो पोटात ठेववत नव्हता. "मास्तर म्हणालं, बाईंना म्हणावं गप ऱ्हावा. रीत सोडू नगा. त्यो हाय तवर फौजदार त्येच्यात गुतून पडतोय, तवर आमची हितली कामं उरकत्यात."

रीत सोडू नका! हे तुम्ही म्हणता? लग्नात मी उखाणा घेईना म्हणून म्हाताऱ्या बायकांशी हुज्जत घालणारे तुम्ही. म्हणाला होतात, हिला नाव घ्यायचं असेल तेव्हा साधं हाक मारून घेईल, माणसाला नाव ठेवतात ते हाक मारायलाच. आज त्याच रीतीच्या आडोशाला जाऊन बसलात. एक ओळ मागितली होती हो मी. कागद मी दिला असता, शाई मी दिली असती. तुम्ही मला रीत शिकवलीत. असा संताप आला की रंगुबाईची शिकेकाई सगळी अंगणात उधळून द्यावी.

आज देवळात मामंजींच्या पुराणात तुमच्या नावाची पाळी होती. घाटावरच्या देवळात दुपारी बायकांना ते रोज एक नाव घेऊन त्याचा अर्थ सांगतात. आज बायका नेहमीपेक्षा जास्त होत्या, आणि खांबाआड फौजदाराचा माणूस बसला होता, साध्या कपड्यांत, पण पायात पोलिसाच्या वहाणा. मला वाटलं मामंजी आज ते नाव गाळतील. पण त्यांनी नाव घेतलं, अगदी स्वच्छ घेतलं.

म्हणाले, "ह्या नावाचा धातू येकच हाय, पर त्येचं अर्थ दोन. येक पीडा देणं, दुसरा मागणं मागणं. म्हणून लोकांना जो पीडतो त्येचंबी हेच नाव, आन् लोक ज्येच्या दारात मागणं घेऊन जात्यात त्येचंबी हेच नाव. जुनं शास्त्री सांगत्यात, पीडतो म्हंजे दुर्जनांना पीडतो."

पुढे भामाबाई बसल्या होत्या. त्यांना कशाचं काही माहीत नाही, सहज विचारलं, "आन् दुर्जन कोण ते ठरवायचं कुणी, बुवा?"

मामंजींनी पुराण तिथेच मिटलं. इतकी वर्षं पुराण सांगतात, कधी अडले नव्हते. पोथी बांधायला लागले, तर तिची गाठही बसेना. मी उठून बांधून दिली. घरी येताना घाटाच्या पायऱ्यांवर मध्येच बसले आणि म्हणाले, "बारशाला मी दुसरा अर्थ धरला हुता. गावानं ह्येच्याकडं यावं, गाऱ्हाणं सांगावं, आन् ह्येनं ते निवारावं. पयला अर्थ मला ठावं हुता राही, पर बारशाला तो कोण धरतंय?"

लोक तुमच्याकडे गाऱ्हाणी घेऊन यायचे, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. सावकारानं लाटलेलं रान तुम्ही परत मिळवून दिलंत, टाकलेल्या बायकांना नांदवायला लावलंत. तेव्हा मी मनातल्या मनात तुमचं नाव शंभरदा घेत होते. मग दादासोंचं प्रकरण झालं. मी विचारलं, पुरावा काय? तुम्ही म्हणालात, गाव बोलतंय. तेवढ्यावरून आपलं भांडण झालं, आणि तुम्ही उंबरा ओलांडून गेलात. आज तो विट्याचा माणूस मार खातो आहे, आणि तुम्ही म्हणता, कामं उरकत्यात. आता तुम्हीच मला सांगा, तुमच्या नावाचा कुठला अर्थ मी धरू?

पण तुमच्यावर सगळं ढकलून मी मोकळी होणार नाही. पहिल्या पत्रात मी लिहिलं, नाव गळ्यात अडलं. ते अर्धंच खरं. तेवढ्या वेळात मी फौजदाराला समजावू शकले असते की साहेब, नाव माझ्या नवऱ्याचं आहे, समोर कोण बसलाय याचा त्याच्याशी संबंध नाही, तुमची परीक्षाच चुकीची आहे. एवढं बोलायला मला जीभ होती. मुलींना दिवसभर हेच तर शिकवते, चुकलेलं चुकलं म्हणायला. पण तो 'पटली ओळख' म्हणाला, आणि माझ्या मनात आलं, आता हे लोक यांना शोधणार नाहीत. छाती एकदम हलकी झाली. समोर तो माणूस वैनी वैनी करत होता, आणि मला बरं वाटत होतं. रीत आडवी आली नाही हो, मी तिला आडवी घातली. तुम्ही निरोप पाठवलात त्याच्या कितीतरी आधी मी तुमचंच काम करून बसले होते. म्हणूनच मामंजींच्या नजरेला नजर देता येईना.

उद्या सकाळी त्याला साताऱ्याला नेणार आहेत. शालूबाई आता रडतही नाही, नुसती बघत राहते. मी उद्या चौकीवर जाणार आणि नाव घेणार. त्यानंतर ते तुमच्या मागे लागतील, हे मला कळतं. म्हणून रंगुबाईला आत्ताच्या आत्ता परत पाठवते आहे. बिचारीनं चहासुद्धा घेतला नाही. जिथे आहात तिथून हला. हे बायको म्हणून लिहिते आहे. उद्याचं मी कोण म्हणून करते आहे, ते मला नीट सांगता येणार नाही.

नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. मला भीती वाटते. मी शिकलेली आहे, तरी वाटते.

राही


सांगली, मार्गशीर्ष पौर्णिमा

जनार्दन,

हो, लिहिलं. तोंडानं घेतल्यावर हाताला काय अवघड!

त्याला सोडलं. आधी हे सांगते, कारण तुम्ही पत्र पुरं वाचाल की नाही याचा भरवसा नाही. काल शालूबाईला घेऊन मी गेले तेव्हा चौकीपुढे गाडी जुंपून तयार होती. हळदीच्या गाड्या पेठेत शिरायची ती वेळ, त्यामुळे रस्त्यावर माणसांची दाटी. फौजदार म्हणाला, "काय बाई, निरोप द्याय आलासा?" मी म्हटलं, "नाव घ्यायला आले. तुम्ही सगळ्या पेठेला सांगितलंय, नाव घेईल ती बायको नव्हे. मी घेतलं तर शब्दाला जागाल का?" हे मी मुलींच्या वर्गात बोलते त्या आवाजात बोलले. गाडीवान थांबले, हमाल थांबले. एकजण मागून ओरडला, "घिऊ द्या की सायेब! तुमचीच अट हाय." फौजदारानं हसून हात उडवला. मला जमणार नाही, अशी त्याची खात्रीच होती.

मग मी नाव घेतलं. एवढं घेतलं की रस्त्यापलीकडे ऐकू गेलं. "जनार्दन! हा माझा जनार्दन नव्हे."

फौजदाराचं तोंड बघण्यासारखं झालं. स्वतःच घातलेली अट, तीही भर पेठेत, मोडणार कशी? थोडा वेळ शिपायांवर उगीच खेकसला, मग म्हणाला, काढा दोर. आज मला परत बोलावलं होतं. तुमची सगळी चौकशी केली, कुठं असतात, कुणाकडं जेवतात. मला माहीत नाही म्हटलं, आणि ते खरंच आहे. आता ते तुम्हाला शोधायला निघतील. नोकरीवरूनही मला काढतील, हेडमास्तरीणबाईंनी तसं सुचवलं आहे. मामंजींना मी वाऱ्यावर सोडणार नाही, त्याची काळजी नको.

शालूबाईनं नवऱ्याला गाडीत घालून विट्याला नेलं. त्याच्या उजव्या हाताची बोटं मोडली आहेत. सोनं गाळणाऱ्याला बोटांशिवाय दुसरं काय असतं? जाताना तिनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं. मी नाही म्हणत होते, तिनं ऐकलं नाही. दादासोंची बायको आज पांढऱ्या कपाळानं बसली आहे, हे माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हतं.

संध्याकाळी सहस्रनामाला बसलो. तुमच्या नावाशी आलो तेव्हा मामंजी गप्प झाले, आणि ते मी एकटीनं म्हटलं. ते रडले. मग आम्ही पुढे म्हणत राहिलो. तुम्ही आता मला एक कमी म्हणून चिडवू शकणार नाही.

तुम्ही हजर व्हा, जनार्दन. दादासोंच्या माणसांपुढे उभे राहा आणि काय ते खरं सांगा. शिक्षा झाली तर मी दर महिन्याला भेटायला येईन, भाकरी घेऊन येईन, नावानं हाक मारीन. नाही झालात, तर मला पुन्हा निरोप पाठवू नका.

आणखी एक राहिलं. ते सांगितल्याशिवाय पत्र बंद करता येत नाही. काल चौकीपुढे पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा आवाजच फुटला नाही. माणसं हसायला लागली. मग मी डोळे मिटून घेतले. तेव्हा समोर ना फौजदार होता, ना तो माणूस. तुम्ही होतात, दिवाळीच्या आधी उंबऱ्यात पाठमोरे उभे होतात तसे. त्या दिवशी मी 'अहो' म्हणून हाक मारली होती आणि तुम्ही वळला नव्हतात. काल मी तुम्हाला तुमच्या नावानं हाक मारली, आपल्या सगळ्या संसारात पहिल्यांदा. डोळे उघडले तर तो माणूस भिंतीला टेकून पडलेला, चेहरा सुजून डोळे मिटलेले. त्यानं कशीबशी मान वर केली आणि म्हणाला, "जी."

हाक तुम्हाला होती. ओ त्यानं दिली.

राही